शेतांच्या वरून जाणारी बोट

एप्रिलमध्ये नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराजवळून रिंगफार्ट कालव्यात बोट घातली आणि दक्षिणेकडे निघालं, की थोड्याच वेळात नजर गोंधळते. डावीकडची शेतं, रस्ते आणि घरांची दारं बोटीच्या तळापेक्षाही खाली आहेत. नदी-नाला म्हणजे आजूबाजूचा सर्वांत सखल भाग, ही आपली पक्की समजूत. इथे मात्र पाणी वर आणि माणसं खाली.

डावीकडे जिथे आज शेतं आहेत, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्लेमरमेर नावाचं विशाल सरोवर होतं. वादळात त्याच्या लाटा मऊ किनारे खात सुटायच्या. 1836च्या वादळांत पाणी अ‍ॅम्स्टरडॅम आणि लायडनच्या वेशीपर्यंत पोचलं, तेव्हा सरोवरच रिकामं करायचं ठरलं. आधी त्याच्या भोवती सुमारे 60 किलोमीटरचा कालवा खणला, तोच हा रिंगफार्ट. मग वाफेवर चालणाऱ्या तीन पंपघरांनी आतलं पाणी उपसून कालव्यात टाकायला सुरुवात केली आणि 1852 मध्ये तळ कोरडा झाला. त्यांपैकी क्रुकियस हे पंपघर काठावर अजून उभं आहे. त्याच्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर तब्बल 3.66 मीटर व्यासाचा आहे. स्किपोल विमानतळ याच सरोवराच्या तळावर आहे. धावपट्ट्या समुद्रसपाटीखाली असलेल्या या विमानतळावर उतरणाऱ्या भारतीय प्रवाशांपैकी कितींना याची कल्पना असते कोण जाणे.

उजव्या हाताला हिलेगोम आणि लिसेच्या बाजूला ट्यूलिपचे पट्टे आहेत. सगळे फोटो तिथेच काढतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो, की जमिनीखालचं पाणी साधारण हातभर खोलीवर नेमकं राखलं जातं म्हणूनच ती फुलं येतात. फार वर आलं तर कंद कुजतात, फार खाली गेलं तर वालुकामय माती सुकते.

सरोवराच्या दक्षिण टोकाशी आणखी एक गंमत आहे. कालवा चक्क ए-4 महामार्गावरून जातो. खालून गाड्या धावताहेत आणि वरून बोट. शंभर टनांचं मालवाहू जहाज गेलं तर त्या पुलावर शंभर टनांचा जादा भार पडत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं होत नाही. तरंगणारं जहाज स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतं आणि ते पाणी लांबच लांब कालव्यात पसरून जातं. पाण्याची पातळी जवळपास तीच राहते, म्हणून पुलावरचा भारही तोच. आर्किमिडीजचा नियम शाळेत पाठ केलेला असतो, इथे तो डोक्यावरून जाताना दिसतो.

पुढे ब्रासमरमेर तळं ओलांडून आल्फेनला आलं, की खौवे नदी लागते. बोस्कोपच्या रोपवाटिका आणि उंच उचलले जाणारे पूल मागे टाकत ती खौडा शहराकडे नेते. इथलीही जमीन पाण्याच्या खालीच आहे, पण कारण वेगळं. हा भाग सरोवर नव्हता, दलदल होती. हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर साचून पीट नावाची माती तयार झाली होती. तिचा बहुतांश भाग पाणीच. सुमारे हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी चर खणून ते पाणी काढून टाकायला सुरुवात केली. तेव्हा ही जमीन समुद्रसपाटीपेक्षा वर होती! पाणी गेल्यावर पीट आक्रसलं आणि त्यात हवा शिरली. हवेतल्या ऑक्सिजनमुळे सूक्ष्मजीवांनी ते कुजवलं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेला. जमीन खचली, म्हणून चर अजून खोल करावे लागले, म्हणून जमीन अजून खचली. नदीचं पात्र मात्र होतं त्याच उंचीवर राहिलं. म्हणजे या देशाचा बराचसा सखलपणा निसर्गदत्त नाही, शेतीने कमावलेला आहे. काही कुरणं आजही वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास खाली जातात.

बांधही कित्येक ठिकाणी पीटचेच आहेत. ऑगस्ट 2003 मध्ये विल्निस गावाजवळचा बांध सरकला तो पुराने नव्हे, उन्हाळ्याने. सुकलेलं पीट इतकं हलकं झालं, की पलीकडच्या पाण्याने त्याला ढकलून दिलं. तेव्हापासून कोरड्या हंगामात अशा बांधांवर बारीक लक्ष ठेवतात आणि गरज पडली तर चक्क पाणी मारतात.

वसंतात या कुरणांमध्ये लांब चोचीचा ग्रुटो, म्हणजे काळ्या शेपटीचा गॉडविट, घरटी करतो. हा नेदरलँड्सचा राष्ट्रीय पक्षी. आपल्या भिगवणला हिवाळ्यात याच जातीचे पक्षी दिसतात. डच ग्रुटो मात्र हिवाळ्यात पश्चिम आफ्रिका आणि स्पेन-पोर्तुगालकडे जातो. किडे-अळ्या काढायला त्याला चोच रुतेल अशी ओली माती लागते, तर शेतकऱ्याला ट्रॅक्टर रुतणार नाही अशी कोरडी. चरातलं पाणी किती सेंटिमीटर ठेवायचं, यावरचे वाद म्हणूनच संपत नाहीत. तो निर्णय घेणाऱ्या पाणी मंडळांची निवडणूक वेगळी आणि करही वेगळा. त्यांपैकी या भागातलं रेनलांट मंडळ तर तेराव्या शतकापासून चालू आहे.

खौड्याच्या लॉकमधून, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारबंद कप्प्यातून, बाहेर पडलं, की पाणी एकदम जिवंत होतं. होलांद्से एसल ही भरती-ओहोटीची नदी आहे. तिच्या काठच्या न्यूवेरकेर्क गावाजवळ देशातला सर्वांत खोल बिंदू आहे, समुद्रसपाटीखाली 6.76 मीटर. 1 फेब्रुवारी 1953 च्या पहाटे, 1800 हून अधिक बळी घेणाऱ्या महापुरात, इथला बांध फुटू लागला. तेव्हा आरी एव्हेग्रून या नावाड्याने आपलं जहाज आडवं घालून भगदाड बुजवलं. पाण्याच्या दाबानेच ते जहाज बांधाला घट्ट चिकटून राहिलं. ते हुकलं असतं, तर खालच्या अतिशय दाट वस्तीत नदी शिरली असती. पुढे याच नदीच्या मुखाशी, क्रिम्पेनला, 1958 मध्ये वादळात खाली सोडता येणारं अजस्र पोलादी दार बसवलं गेलं.

त्या दाराखालून जाऊन पूर्वेकडे वळलं, की किंडरडाइकच्या 19 पवनचक्क्या येतात. त्यांपैकी बऱ्याच 1738 ते 1740 मधल्या. पाणी उपसणारं त्यांचं चाक एका टप्प्यात दीड मीटरच्या आसपासच पाणी चढवू शकतं, म्हणून तिथे टप्प्याटप्प्याने साठवण केलेली आहे आणि शेवटचं पाणी ओहोटीची वेळ साधून नदीत सोडत असत. पर्यटकांची गर्दी तिकडेच वळते. पण धक्क्यावर उतरलात तर आधी शेजारचं 1972 चं पंपघर बघा. प्रचंड आकाराचे तिरके स्क्रू गरागरा फिरत पाणी वर चढवत असतात. पाऊस पडून गेल्यावर गेलात तर ते चालू असण्याची शक्यता जास्त.