पिल्टोव्हर–झॉन वैर

पिल्टोव्हर–झॉन वैर : रुनेटेरा या कल्पित जगातील दोन लगतच्या शहरांमध्ये सत्ता, व्यापार आणि स्वातंत्र्य यांवरून चालत आलेला राजकीय संघर्ष. रायट गेम्स या अमेरिकी कंपनीच्या लीग ऑफ लेजेंड्स (२००९) या व्हिडिओ गेममधून हे जग पुढे आले. २०२१ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या आर्केन या ॲनिमेशन मालिकेमुळे गेम न खेळणाऱ्यांनाही या दोन शहरांची ओळख झाली. पिल्टोव्हर उंच कड्यांवर, मोकळ्या उन्हात वसले आहे, तर झॉन त्याच्याच खाली, दऱ्यांमध्ये आणि कारखान्यांच्या धुरात आहे.

गेममधील सुरुवातीच्या कथांत ही दोन स्वतंत्र नगरराज्ये होती आणि त्यांचे वैर मुख्यतः शास्त्रज्ञांमधील स्पर्धेपुरते होते. पिल्टोव्हरचा जेस आणि झॉनचा व्हिक्टर यांचे भांडण हे त्याचे ठळक उदाहरण. २०१६ च्या सुमारास लेखकांनी या कथांची फेरमांडणी केली आणि एक शहर दुसऱ्याच्या डोक्यावर आणून ठेवले. या वैराला खरे राजकीय वजन आले ते या बदलामुळेच.

नव्या मांडणीनुसार दोन्ही शहरांचे मूळ एक आहे. व्हॅलोरन आणि शुरिमा या भूखंडांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यावर झॉनचे प्राचीन बंदर होते. तेथून कालवा काढला तर जहाजांचा लांबचा वळसा वाचेल आणि शहराची भरभराट होईल, या हिशेबाने काम सुरू झाले. परंतु खोदकामाने जमीन खिळखिळी झाली, शहराचे मोठे भाग खचून पाण्यात गेले आणि हजारो माणसे दगावली. कालवा मात्र पूर्ण झाला. त्यावरील ‘सन गेट्स’ या अजस्र दरवाजांतून ये-जा करणाऱ्या जहाजांच्या जकातीवर पिल्टोव्हर श्रीमंत झाले. एकाच कामातून एका शहराचा विनाश आणि दुसऱ्याचे वैभव निपजले, हा या वैराचा पाया आहे. पुढच्या प्रत्येक तंट्यात तो कोठे ना कोठे दिसतोच.

पिल्टोव्हरची सत्ता धनाढ्य व्यापारी घराण्यांकडे असून आर्केनमध्ये ती एका परिषदेमार्फत चालवली जाते. झॉनमध्ये तशी मान्यताप्राप्त राज्यसंस्था नाही. तेथे रसायनांच्या धंद्यावर पोसलेले ‘केम-बॅरन’ आपापल्या टापूत हुकूम चालवतात. तरीही दोघांना एकमेकांवाचून चालत नाही. वरच्या शहराला खालचे श्रम आणि कारखाने लागतात, खालच्याला वरची बाजारपेठ लागते. हवासुद्धा या हिशेबातून सुटलेली नाही. झॉनच्या खोल थरांत ‘ग्रे’ नावाचा विषारी धूर साचतो आणि तो हटवणारी वायुवीजनाची यंत्रणा आर्केनमध्ये पिल्टोव्हरच्या किरामन घराण्याने बांधलेली आहे. ज्यांचा श्वासच दुसऱ्यांच्या हातात आहे, त्यांच्याशी होणारी बोलणी बरोबरीची असू शकत नाहीत.

आर्केनच्या आरंभी खालचे शहर कायद्याने पिल्टोव्हरच्या अमलाखाली आहे आणि झॉन हे त्याच्या स्वतंत्र राष्ट्राच्या स्वप्नाचे नाव आहे. दोन शहरांना जोडणाऱ्या पुलावर उठाव होतो आणि तो चिरडला जातो. त्या रक्तपातानंतर उठावाचा नेता व्हँडर शस्त्र खाली ठेवतो. पोलीसप्रमुख ग्रेसन हिच्याशी त्याचा अलिखित समझोता होतो : त्याने आपली माणसे आवरायची आणि पोलिसांनी खाली ढवळाढवळ करायची नाही. त्याचा जुना साथीदार सिल्को याला ही शरणागती वाटते. सिल्को ‘शिमर’ या अमली रसायनाच्या व्यापारातून पैसा उभा करतो, पुढे पोलीसप्रमुख होणाऱ्या मार्कसला लाच देऊन ताब्यात ठेवतो आणि ज्या लोकांच्या मुक्तीसाठी हे सारे चालले आहे त्यांनाच व्यसनात लोटतो. व्हँडरच्या मार्गाने माणसे जगतात पण गुलामी सुटत नाही, सिल्कोच्या मार्गाने वाटाघाटीचे बळ मिळते पण समाज आतून सडतो. मालिकेने दोघांपैकी कोणालाही सोपी नैतिक बाजू दिलेली नाही आणि हे तिचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल.

दरम्यान हेक्सटेक या जादूवर चालणाऱ्या तंत्रज्ञानातून ‘हेक्सगेट्स’ उभे राहतात. हवाई जहाजे क्षणात दूरदेशी पोहोचू लागतात आणि पिल्टोव्हरची संपत्ती आणखी वाढते. या नव्या समृद्धीतही खालच्यांना वाटा नसतो. म्हणूनच पूल अडवला गेल्यानंतर सिल्को आणि परिषद-सदस्य जेस यांच्यात जी बोलणी होतात, त्यांत सिल्को सार्वभौमत्वाबरोबर मुक्त व्यापार आणि हेक्सगेट्सच्या वापराचा हक्कही मागतो. शिमरच्या कारखान्यावरील छाप्यात आपल्या हातून एक मूल मारले गेल्याने हादरलेला जेस बहुतेक अटी मान्य करतो. बदल्यात शिमरचे उत्पादन बंद व्हावे आणि जिंक्स हिला स्वाधीन करावे, एवढे तो मागतो. जिंक्स ही सिल्कोने मुलीसारखी वाढवलेली आहे आणि राष्ट्र मिळत असूनही तो तिला देऊ शकत नाही. तिच्याच हातून त्याचा मृत्यू होतो आणि परिषद तहाच्या बाजूने हात वर करत असतानाच तिने सोडलेले अस्त्र सभागृहावर येऊन आदळते.

२०२४ च्या दुसऱ्या पर्वात या हल्ल्याचा सूड सुरू होतो. हल्ल्यात आई गमावलेली केटलिन किरामन स्वतःच्याच घराण्याची वायुवीजन यंत्रणा उलटी वापरून खालच्या वस्त्यांत ‘ग्रे’ सोडते. नॉक्सस या लष्करी साम्राज्याची सेनानी अँबेसा मेडार्डा या तंट्यात तेल ओतते आणि लष्करी कायदा लागू होऊन तुरुंग भरतात. एवढे होऊनही शेवटी दोन्ही शहरे अँबेसा आणि व्हिक्टर यांच्याविरुद्ध एकत्र लढतात, आणि युद्धानंतर सिल्कोची जुनी सहकारी सेव्हिका परिषदेत बसलेली दिसते.

या शेवटावर आक्षेप घेण्यास जागा आहे. सामायिक शत्रू पुढे आला की अंतर्गत प्रश्न मागे पडतो, आणि येथेही सार्वभौमत्वाच्या मागणीचे काय झाले हे मालिका सांगत नाही. हेक्सगेट्सवरील हक्क, विषारी हवा आणि तुरुंगात डांबलेल्या माणसांची भरपाई हे मालिकेने नेटाने मांडलेले विषय एका खुर्चीने सुटत नाहीत. २०२४ मध्येच आर्केनमधील घटनाक्रम हाच रुनेटेराचा अधिकृत इतिहास मानला जाईल असे रायट गेम्सने जाहीर केले. त्यामुळे गेममधील जुन्या कथांची सांगड त्याच्याशी घालावी लागणार असून झॉनची राजकीय स्थिती ही त्यातील सर्वांत अवघड बाब आहे.