‘समवयस्क’ म्हणजे नेमकी कोण? पोषणशिक्षणातल्या शेजारणीची पार्श्वभूमी

ज्यांच्या घरी अन्न पुरत नाही त्यांना पोषण शिकवणारी त्यांच्यातलीच असावी, हे आता सगळेच मानतात. १९१४ च्या कायद्याने अमेरिकेत उभ्या राहिलेल्या विस्तारसेवेत, म्हणजे विद्यापीठांतले ज्ञान घरोघर नेणाऱ्या सेवेत, शिकवायला प्रशिक्षित तज्ज्ञ बाई येत. १९६४ मध्ये अलाबामात वस्तीतल्याच बायकांना तयार करून घरोघर पाठवण्याचा प्रयोग झाला आणि १९६९ मध्ये तो देशभर गेला. या बायका पगारी होत्या, हे ध्यानात ठेवायला हवे.

खरा घोळ शब्दाचा आहे. अशा शिकवणारीला इंग्रजीत ‘पीअर’ म्हणजे बरोबरीची म्हणतात, आणि त्याला आपण सर्रास ‘समवयस्क’ लिहितो. वयाचा इथे काय संबंध? पंचविशीतल्या आईला साठीची शेजारीण शिकवू शकते. महिनाअखेरचा रिकामा डबा तिनेही पाहिलेला असला म्हणजे झाले. ‘समदुःखी’ अर्थाने जवळचा, पण त्याला कीव चिकटलेली. मी ‘त्यांच्यातली’ म्हणते. मात्र पगार सुरू झाला, हातात फॉर्म आला, की ती त्यांच्यातली उरते का? १९६९ च्या त्या अमेरिकी कार्यक्रमात शिकवण्याआधी आणि नंतर, मागच्या चोवीस तासांत काय काय खाल्ले याची नोंद घेतात. शेजारणीने ‘काल काय केलं होतं जेवायला?’ विचारणे वेगळे आणि फॉर्म भरायला विचारणे वेगळे. उपाशी झोपलेलीला तो फरक लगेच कळतो.

व्हिएतनाममध्ये १९९० च्या सुमारास प्रश्न उलटा केला गेला: त्याच गरिबीत काही घरांतली मुले धडधाकट कशी? त्या आया भातखाचरातली चिमुकली कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या. मग बाकीच्या आयांनी तेच जिन्नस मूठभर घेऊन यायचे आणि एकत्र रांधायचे, असे वर्ग भरले.

१९९५ पासून मोझांबिकमध्ये एकेका स्वयंसेविकेकडे शिकवायला शेजारची दहा-पंधरा घरे आली. बिनपगारी. ‘पैसे दिले की आपलेपणा जातो’ हे तत्त्व सांगणारे स्वतः बहुधा पगारावर असतात.

अमेरिकेत १९९२ पासून अन्नसाहाय्याला जोडून आणखी एक पोषणशिक्षण चालत होते. त्याचा केंद्रीय निधी २०२५ च्या कायद्याने सप्टेंबरअखेर बंद झाला. १९६९ चा पगारी कार्यक्रम त्यापासून वेगळा. त्याला या कायद्याने हात लावलेला नाही.