हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची विचारपूस दहा वर्षं कशी चालू ठेवायची?
(आमची पाठपुरावा सेवा घेणाऱ्या शल्यचिकित्सकांसाठी आणि रुग्णालयांसाठी)

टाके निघाले, जखम सुकली, माणूस कामाला लागला, की तो सहसा पुन्हा तपासणीला येत नाही. बरं वाटतंय तर कशाला जायचं, असा त्याचा साधा हिशेब असतो. पुढे त्रास झालाच तर बरेचदा तो दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. तुमच्या दप्तरी मात्र ती शस्त्रक्रिया यशस्वीच राहते.

हर्नियात वाट किती वर्षं पाहिली यावर निकाल बदलतो. पोटावरच्या जुन्या व्रणातून झालेल्या हर्नियावर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली आले. पहिल्यांदाच दुरुस्त केलेला हर्निया तीन वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर ४३ टक्के, तर पोटाच्या भिंतीला आधार देणारी जाळी बसवल्यावर २४ टक्के रुग्णांत उलटला होता. त्याच चाचणीतल्या सगळ्या रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला, तेव्हा हे आकडे ६३ आणि ३२ टक्के निघाले. म्हणून पहिल्या वर्षाच्या तपासणीवर समाधान मानू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. पुन्हा शस्त्रक्रिया किती जणांची झाली, एवढंच मोजणंही पुरत नाही. हर्निया परत येऊनही शस्त्रक्रियेच्या टेबलावर न गेलेले रुग्ण त्यातून सुटतात. स्वीडनने १९९२ पासून जांघेतल्या हर्नियाची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. एखाद्या लहान रुग्णालयालाही स्वतःपुरती अशी नोंद ठेवता येते.

आम्ही महिन्याने, वर्षाने, मग पाचव्या वर्षापर्यंत दर वर्षी आणि शेवटी दहाव्या वर्षी फोन करतो. प्रश्न मोजके असतात. हर्निया परत आलाय असं वाटतं का? उभं राहिल्यावर किंवा खोकताना तिथे फुगवटा दिसतो, हाताला लागतो का? तिथे दुखतं का, आणि दुखत असेल तर चालणं, वाकणं, वजन उचलणं अडतं का? शेवटचा प्रश्न कधीच गाळू नये. शस्त्रक्रियेला तीन महिने उलटूनही राहिलेलं दुखणं अनेक जण ‘असायचंच’ म्हणून सोसत राहतात, आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं, तर आम्ही तपासणीची वेळ ठरवून देतो. फोनवर निदान करत नाही. फुगवटा म्हणजे दर वेळी हर्नियाच असतो असं नाही. पण फुगवटा आत जात नसेल, फार दुखत असेल किंवा सोबत उलट्या होत असतील, तर वेळ ठरवत बसत नाही. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात जायला सांगतो आणि तुम्हाला त्याच क्षणी कळवतो.

फोन न उचलणाऱ्याला ‘ठीक आहे’ असं आम्ही कधीच लिहीत नाही. त्याच्यापुढे ‘संपर्क नाही’ असंच येतं आणि अशा रुग्णांची संख्या अहवालात वेगळी दाखवतो. ती वाढली तर बाकीच्या टक्केवारीवर विश्वास कमी ठेवावा.

तुमच्याकडून आम्हाला डिस्चार्जच्या दिवशीच थोडी मदत लागते. रुग्णाची लेखी संमती घ्या, त्याच्या नंबरासोबत घरातल्या आणखी एकाचा नंबर घ्या. हर्नियाचा प्रकार, शस्त्रक्रियेची पद्धत, जाळीचं नाव, माप आणि लॉट नंबर लिहा. जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर केसपेपरवर आणि रुग्णाच्या कार्डावरही चिकटवा. आणि महिन्याने, वर्षाने आणि पुढेही आमचा फोन येईल, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः सांगावं. त्यांनी सांगितलेलं रुग्ण लक्षात ठेवतो, म्हणून अनोळखी नंबर असला तरी फोन उचलतो.