ग्राफिक्स मेमरी व्यवस्थापन
ग्राफिक्स मेमरी व्यवस्थापन : पडद्यावरचे चित्र, ते घडवायला लागणारी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवायची चित्रे), त्रिमितीय आकृत्यांचे शिरोबिंदू आणि मधल्या टप्प्यांतील प्रतिमा ज्या मेमरीत राहतात, तिची वाटणी, राखण आणि वेळेवर केलेली मोकळीक. डेस्कटॉप संगणकात ही मेमरी एक तर ग्राफिक्स कार्डावर मुख्य चिपच्या भोवती बसवलेली असते, नाही तर संगणकाच्या रॅममधूनच तिचा वाटा काढलेला असतो. ती भरत आली की काय होते आणि त्यावर काय करता येते, याचा विचार येथे प्रामुख्याने केला आहे.

तिला सर्रास ‘व्हीरॅम’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता हे नाव आता चुकीचे आहे. मूळ व्हीरॅम ही डीरॅमची, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या मुख्य मेमरीची, एक खास जात होती. तिला दोन दारे असत. एका दाराने प्रोसेसर लिहीत असताना दुसऱ्या दाराने पडद्याला ओळीने बिंदू पुरवले जात. आयबीएमच्या संशोधन विभागातील डिल, लिंग आणि मॅटिक यांनी ती योजली. कल्पनेचे वर्ष सहसा 1980 दिले जाते, पेटंट 1985 चे आहे, तर प्रत्यक्ष विक्रीच्या यंत्रातील वापर 1986 च्या सुमाराचा. जन्मसाल म्हणून एकच द्यायचे झाल्यास पेटंटचे देणे बरे, कारण ते निदान कागदोपत्री आहे. आजच्या कार्डांवर जीडीडीआर आणि क्वचित एचबीएम प्रकारची मेमरी असते. तिला ती दोन दारे नाहीत; नाव तेवढे मागे राहिले.

पडद्याचे चित्र बिंदूबिंदूने मेमरीत साठवणारा फ्रेम बफर प्रथम कोणी केला, याबद्दलही एकमत नाही. बेल लॅब्जमध्ये जोन मिलर यांनी 1969 च्या सुमारास प्रत्येक बिंदूला 3 बिट देणारी व्यवस्था चालवल्याचे सांगितले जाते. तिथल्याच मायकेल नॉल यांनी 1971 मध्ये अशा पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या रचनेत चित्र संगणकाच्या मुख्य मेमरीतच राहत असे. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांच्या सुपरपेंट यंत्रणेने 1973 मध्ये चित्रे दाखवली. तिच्यात प्रत्येक बिंदूला 8 बिट होते आणि 3,11,040 बाइटची, शिफ्ट रजिस्टर चिपांची स्वतंत्र मेमरी होती. इव्हान्स अँड सदरलँड कंपनीचा विक्रीचा फ्रेम बफर साधारण 1974 चा. केवळ कल्पनेचा मान द्यायचा तर बेल लॅब्जचा दावा जुना ठरतो. पडद्यासाठी राखून ठेवलेली वेगळी मेमरी ही कसोटी लावली, तर कल सुपरपेंटकडे जातो आणि प्रस्तुत विषयाला तीच कसोटी जवळची आहे. गंमत अशी, की हे दोन्ही पंथ विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये आजही शेजारी नांदतात : ‘डेडिकेटेड’ (राखीव) ही शूप यांची वाट, ‘शेअर्ड’ (रॅममधून वाटून घेतलेली) ही नॉल यांची.

खुद्द पडद्याला फारशी जागा लागत नाही. 1920×1080 बिंदू आणि प्रत्येकी 4 बाइट धरले तर एका चित्राला 82,94,400 बाइट, म्हणजे सुमारे 8 एमबी पुरतात. 4के पडद्याला सुमारे 32 एमबी. पुढेमागे तीन चित्रे तयार ठेवली तरी हिशेब 100 एमबीच्या आसपास थांबतो. खरी खादाडी टेक्स्चरची. 4096×4096 चे एकच टेक्स्चर न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवले तर 64 एमबी अडवते. लान्स विल्यम्स यांनी 1983 मध्ये मांडलेली मिपमॅपची उतरंड, म्हणजे त्याच चित्राच्या क्रमाने निम्म्या होत जाणाऱ्या प्रती, त्यात मिळवली की एक तृतीयांशाची भर पडून ते सुमारे 85 एमबी होते. म्हणून टेक्स्चर दाबूनच ठेवतात. बीसी7 पद्धतीत मूळ 64 चे 16 एमबी होतात, बीसी1 मध्ये 8. बीसी1 चे मूळ एस3 कंपनीने 1998 च्या सुमारास आणलेल्या एस3टीसी पद्धतीत आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये टेक्स्चरचा दर्जा एक पायरी उतरवला, की बहुतेक वेळा या उतरंडीची सर्वांत वरची प्रत वगळली जाते आणि त्या टेक्स्चरची जवळपास तीन चतुर्थांश जागा सुटते. पडद्याचे रेझोल्यूशन उतरवून एवढी बचत सहसा होत नाही.

वाटणीचे काम ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आणि ऑपरेटिंग सिस्टिम मिळून करतात. 1997 च्या एजीपी जोडणीपासून कार्डाला मुख्य रॅममधील टेक्स्चर थेट वाचता येऊ लागले. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या डब्ल्यूडीडीएम आराखड्याने ग्राफिक्स मेमरीला व्हर्च्युअल मेमरीचे वळण दिले : जागा कमी पडली की कमी निकडीचे तुकडे रॅममध्ये हलवायचे, लागतील तेव्हा परत आणायचे. लिनक्समध्ये हेच काम टीटीएम आणि जीईएम या दोन व्यवस्थांकडे आहे. टीटीएमचे काम आधी सुरू झाले होते. ते अवजड वाटल्याने इंटेलच्या अभियंत्यांनी जीईएम लिहिले. मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मात्र जीईएम 2008 च्या अखेरीस आणि टीटीएम 2009 मध्ये दाखल झाले. कर्नलमधील प्रवेशाचे साल पाहून जीईएम थोरले समजण्याची चूक यामुळे होते.

मेमरी भरणे आणि सांडणे (जागा न पुरल्याने तुकडे रॅममध्ये जाणे) या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोकळी मेमरी नुसती पडून राहण्यात काहीच फायदा नसल्याने बरेच खेळ मिळेल तेवढी जागा धरून ठेवतात आणि पुन्हा लागतील म्हणून जुनी टेक्स्चरही सोडत नाहीत. धरलेली जागा म्हणजे लागणारी जागा नव्हे. 8 जीबीच्या कार्डावर ‘डेडिकेटेड’ 7.6 दिसत असेल आणि ‘शेअर्ड’ 0.2 वर स्थिर असेल, तर बिघाड समजण्याचे कारण नाही. तेच ‘शेअर्ड’ खेळता खेळता 0.3 वरून 2.5 वर चढत गेले आणि खेळात नजर वळवताच दृश्य अडखळू लागले, तर मेमरी सांडली आहे. कारण वेगातील तफावतीत आहे. आरटीएक्स 3060 या कार्डाच्या 12 जीबी प्रकारात स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला 360 जीबी आहे; रॅमकडे जाणारी पीसीआय एक्सप्रेस 4.0 ची सोळा मार्गिकांची वाटही सेकंदाला सुमारे 32 जीबीच नेते. कार्डाच्या आतही असा भेद असू शकतो : जीटीएक्स 970 या कार्डाच्या 4 जीबीपैकी शेवटचा अर्धा जीबी संथ असल्याचे 2015 च्या जानेवारीत उघड झाले आणि त्यावर बराच गदारोळ उठला.

टास्क मॅनेजरमधील हे आकडे विंडोज 10 मध्ये 2017 च्या अखेरीस आले. ‘शेअर्ड’ची मर्यादा सहसा रॅमच्या निम्मी दिसते; ती फक्त कमाल मर्यादा असते, तेवढी रॅम आधीच बाजूला काढलेली नसते. ‘डिटेल्स’मध्ये ग्राफिक्स मेमरीचे रकाने जोडले की प्रोग्रामवार वाटा कळतो, पण त्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळेलच असे नाही, कारण एकच तुकडा दोन प्रोग्रामांच्या खाती दिसू शकतो. लिनक्सवर त्यासाठी एनव्हीटॉप किंवा रेडिऑनटॉप हे प्रोग्राम वापरतात.

उपाय थोडे आहेत. टेक्स्चर उतरवणे वर आलेच. ब्राउझरचे उघडे टॅब, पडद्याचे रेकॉर्डिंग आणि दुसरा मॉनिटर हेही आपापला वाटा घेतात. एखाद्या प्रोग्रामची मेमरी काही न करताही तासागणिक वाढत असेल तर ती गळती समजावी. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडणे हाच तात्पुरता इलाज. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्यास ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, मात्र मेमरी त्याने वाढत नाही. हलवलेल्या तुकड्यांना मागे आधार लागत असल्याने पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) बंद करणे अंगाशी येऊ शकते. बायोसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) अंगभूत ग्राफिक्सचा वाटा वाढवला तर तेवढी रॅम इतर कामांना कमी पडते. ‘व्हीरॅम साफ करणाऱ्या’ प्रोग्रामांची शिफारस येथे केलेली नाही.

भाषा-मॉडेलांच्या वापराने या हिशेबाला नवे वळण दिले. 7 अब्ज पॅरामीटरचे (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचे) मॉडेल प्रत्येकी 16 बिटांनी ठेवले तर नुसत्या आकड्यांना 14 जीबी लागतात; 4 बिटांवर आणले की 3.5, शिवाय संवादाच्या लांबीनुसार वाढणारी जागा वेगळी. अशा कामात मेमरी सांडली की वेग एकदम कोसळतो. एनव्हिडियाने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ड्रायव्हरमध्ये एक पर्याय दिला. त्याने रॅमकडे सांडणे बंद करता येते. मग काम रखडत चालण्याऐवजी मेमरी संपल्याचा संदेश देऊन तिथेच थांबते.