शेंबडाचा रंग आणि दहा दिवस

जुलैत कोल्हापुरात पावसाची झड लागली की लहान मुलांच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, शेंबूड पिवळा झालाय, पोराला सायनस झालाय." खरं तर सायनस हे आजाराचं नावच नव्हे, ती कवटीतली पोकळी. गालाच्या हाडातल्या पोकळीचं वर्णन नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये केलं. पीनस, प्रतिश्याय या नाकाच्या विकारांची लक्षणं सुश्रुतसंहितेत त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

गालांतल्या आणि दोन डोळ्यांमधल्या पोकळ्या जन्मतःच असतात, अगदी इवल्याशा. कपाळातली मात्र सहा-सात वर्षांनंतर नीट आकार घेते. आमच्याकडे तीन वर्षांच्या पोराच्या कपाळालाही वेखंड उगाळून लावायचे. तिथे भरायला पोकळीच नसायची. (पोर शांत झोपायचं, ही गोष्ट वेगळी.)

उपचारांचा इतिहास बराच काळ टोचण्या-कापण्याचा होता. १८९३ मध्ये कॉल्डवेल आणि १८९७ मध्ये ल्यूक यांनी वरच्या ओठामागून हाड उघडून पू काढायची रीत मांडली. नाकातून सुई घालून पोकळी धुणं तर मुलांनाही चुकलं नाही. १८९५ मध्ये एक्स-रे आला आणि फिल्मवर पांढुरकं दिसलं की निदान पक्कं, असा समज रुजला. १९९४ मध्ये त्याला तडा गेला. साधी सर्दी झालेल्या ३१ तरुणांचा सीटी स्कॅन केला, तर ८७ टक्क्यांच्या गालांच्या पोकळ्या बिघडलेल्या दिसल्या, आणि बहुतेकांच्या आपोआप निवळल्या.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये म्हणूनच मुलांच्या सायनसच्या साध्या संसर्गाला एक्स-रे नको, असं सांगितलं. शेंबडाचा नुसता रंगही पुरावा नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो पिवळा-हिरवा होतो. सर्दी किंवा दिवसाचा खोकला दहा दिवसांनंतरही हटत नाही, बरं होत आलेलं पोर पुन्हा बिघडतं, किंवा ३९ अंश ताप आणि घट्ट शेंबूड सलग तीन दिवस राहतो, तेव्हाच जंतुसंसर्गाची शंका. मग बहुधा अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक. डोळा सुजला तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

त्यामुळे आता डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "किती दिवस झाले?" आई बोटांवर हिशेब लावते, "बेंदराच्या दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, म्हणजे आज... सहावा."