साइटवर गाडीची धडक बसून इजा झाली, तर भरपाईचा अर्ज कुठे करायचा?

पुण्याजवळ चाकणच्या शेडमधली फोर्कलिफ्ट असो की हिंजवडीच्या साइटवर रिव्हर्स येणारा डंपर, कामगाराला धडक बसली की मुकादमाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पोलीस केस नको, दवाखान्याचं मी बघतो." आणि केस पेपरवर येतं 'पाय घसरून पडला'. इथेच निम्मा दावा बुडतो. साइटचं नाव, वेळ आणि गाडीचा नंबर पहिल्याच केस पेपरवर लिहून घ्या.

मग पगाराची स्लिप बघा. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा कापला जात असेल (पगाराची मर्यादा दरमहा 21,000) तर मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयसीला, म्हणजे या विम्याच्या महामंडळाला द्यायचा. उपचार बिबवेवाडी किंवा चिंचवडच्या रुग्णालयात, आणि काम बंद असेपर्यंत सरासरी रोजाच्या 90 टक्के रक्कम. मात्र मालकाकडून वेगळी भरपाई मिळत नाही.

ईएसआय नसेल तर दोन वाटा आहेत, पण निवडायची एकच.

पहिली मालकाविरुद्ध. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, आणि ठेकेदार पळाला तरी मूळ मालक सुटत नाही. 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, हिशेबाचं सूत्र तेच राहिलं: मृत्यू झाल्यास निम्मा मासिक पगार गुणिले वयाचा गुणक (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा), कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के पगार गुणिले गुणक. पगार 15,000 पर्यंतच धरतात. 30 वर्षांचा कामगार दगावला तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. दावा दोन वर्षांत लावायचा.

दुसरी वाट शिवाजीनगर कोर्टातलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. इथे पगाराला कात्री नाही, पण चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. फक्त कारखान्याच्या आवारात चालवण्यासाठीच बनवलेलं वाहन कायद्याने 'मोटार वाहन' ठरत नाही. त्यामुळे फोर्कलिफ्टवाल्याने पहिलीच वाट धरावी. पासिंग झालेल्या डंपरला दुसरी चालू शकते, तरी 'गेटच्या आत सार्वजनिक जागा नव्हती' असा वाद विमा कंपनी घालतेच.

कागद: एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा, गाडीचं आरसी आणि विमा. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि वारसांचे कागद. रोख पगार घेणाऱ्यांची अडचण होते ती पगाराच्या पुराव्यावर. गेटपास, हजेरीच्या वहीचा फोटो, मुकादमाचे व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवा. मोबाईल बदलण्याआधी त्यांच्या प्रिंट काढा.