सिफिलिसची तपासणी सरकारी रुग्णालयात कशी होते: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

सिफिलिस, म्हणजेच उपदंश किंवा बोलीभाषेतली गरमी, याची पहिली खूण म्हणजे गुप्तांगावर, गुदद्वारापाशी किंवा तोंडात उठणारा आणि बहुधा न दुखणारा व्रण. संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत तो दिसतो आणि काही आठवड्यांत औषधाशिवाय भरूनही येतो. घात होतो तो इथेच, कारण व्रण गेला म्हणजे आजार गेला असे समजून माणूस तपासणी टाळतो आणि जंतू मात्र शरीरात राहतात.

महाराष्ट्रात या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठीची ‘सुरक्षा क्लिनिक’ चालवली जातात. जवळचे केंद्र कोठे आहे, हे १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येते.

पात्रतेची वेगळी अट नाही. स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, विवाहित, अविवाहित अशा कोणालाही लक्षणे असल्यास किंवा जोडीदाराला हा आजार निघाल्यास तपासणी करून घेता येते. गरोदर स्त्रीची ही चाचणी पहिल्याच तपासणीच्या वेळी व्हायला हवी, कारण उपचार न झाल्यास बाळ पोटातच दगावू शकते किंवा संसर्ग घेऊन जन्माला येऊ शकते. म्हणून माता व बाल संरक्षण कार्डावर या चाचणीची नोंद आहे का, हे घरच्यांनी आवर्जून पाहावे.

कागदपत्रांच्या धास्तीने अनेक जण थांबतात, आणि ते मला फार खटकते. नाव, वय व पत्ता सांगून केसपेपर काढावा. आधार कार्ड जवळ असल्यास नोंदणी सोपी जाते, पण ओळखपत्र ही या चाचणीची अट नाही. त्याहून उपयोगी म्हणजे जुने रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास तिची माहिती. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. महापालिका व वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपरचे शुल्क पडू शकते.

खिडकीवर सर्वांदेखत तक्रार सांगण्याची गरज नसते. ‘त्वचारोग विभाग’ एवढे म्हटले तरी पुरते. पुढे समुपदेशक बंद खोलीत बोलतात, डॉक्टर तपासतात आणि हाताच्या शिरेतून रक्त घेतले जाते, त्यासाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. सोबत एचआयव्ही चाचणीही सुचवली जाते. त्या चाचणीसाठी २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार आपली संमती आवश्यक असते आणि निष्कर्ष गोपनीय ठेवणे बंधनकारक असते. अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी ही संमती पालक देतात.

रक्ताची व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही प्राथमिक चाचणी ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी, आली तरी लगेच हादरून जाऊ नये, कारण गरोदरपणात किंवा इतर काही आजारांतही ती चुकून तशी येते. खात्रीसाठी टीपीएचए ही सिफिलिसच्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी चाचणी करतात. उलट, संसर्ग अगदी ताजा असल्यास रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एकच डोस पुरतो, तर जुन्या संसर्गात तो आठवड्याच्या अंतराने तीनदा देतात. जोडीदाराचीही तपासणी व उपचार झालेच पाहिजेत, अन्यथा तोच संसर्ग परत येतो. उपचार लागू पडला का हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून, म्हणजे रक्ताचा नमुना किती पट पातळ केला तरी चाचणी रिॲक्टिव्ह येते यावरून, कळते. १:३२ चा आकडा १:८ किंवा त्याखाली आला, तर ते उपचार लागू पडल्याचे लक्षण असते. टीपीएचए मात्र बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते. व्हीडीआरएलच्या आकड्यांची नीट तुलना व्हावी म्हणून पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच प्रयोगशाळेत कराव्यात आणि पहिला रिपोर्ट प्रत्येक वेळी सोबत न्यावा.